आशाताईंची उर्दू, आमची मराठी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी कोल्हापुरात एका वक्तृत्व स्पर्धेत मराठीतून बोलली. विषय होता 'माझा गाव'. पन्हाळ्यावर ती छान बोलली. तीन दरवाजावरचा फारसी शिलालेख, सादोबाचा तलाव आणि दर्गा, 1729 साली इथंच जन्मलेले मोरोपंत, सगळं तिनं सहा मिनिटांत नीट बसवलं. तिचा दुसरा नंबर आला. बक्षीस देताना परीक्षक माइकवर म्हणाले, "विशेष कौतुक अशासाठी, की मुस्लिम असूनही किती स्वच्छ मराठी बोलली!" सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सवयच झालीय ना आपल्याला.

परतताना एसटीत ती गप्प होती. वाघबीळ मागं पडलं, धुकं सुरू झालं, तेव्हा हळूच म्हणाली, "टीचर, मेरा नंबर अच्छा बोली करके आया, के मुस्लिम है करके?"

मला उत्तर देता आलं नाही. बीएड करून वीस वर्षं झाली, उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते, आणि एका बारा वर्षांच्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. त्या उत्तराच्या शोधात मी जिथं पोहोचले ते थोडं अनपेक्षित आहे. मी आशा भोसले यांच्यापाशी पोहोचले.

संगीताबद्दल आपल्या समाजात वेगवेगळी मतं आहेत, हे मला ठाऊक आहे. तो वाद इथं काढायचा नाही. मला बोलायचंय ते भाषेबद्दल, आणि एका बाईच्या सत्तर वर्षांहून लांब चाललेल्या मेहनतीबद्दल.

आमच्या घरी एक टेपरेकॉर्डर होता. अब्बांच्या कॅसेटींपैकी दोन वाजवून वाजवून झिजल्या होत्या. एक 'उमराव जान'ची, दुसरी आशाताईंच्या मराठी गाण्यांची. लहानपणी मला वाटायचं, या दोन वेगळ्या बायका आहेत. एक लखनौची, एक आपल्या सांगली-कोल्हापूरकडची. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत हे कळलं तेव्हा मी अब्बांना विचारलं होतं, "मग ती मुसलमान आहे का?" अब्बा हसले. म्हणाले, "मंगेशकरांची पोर आहे. सांगलीत जन्मली. उर्दू शिकली."

'शिकली' या शब्दाकडं तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. आज जातं.

8 सप्टेंबर 1933 रोजी सांगलीत जन्म. वडील मास्टर दीनानाथ 1942 मध्ये गेले तेव्हा आशा नऊ वर्षांचीही नव्हती. त्यानंतर हे कुटुंब काही काळ आपल्या कोल्हापुरातच होतं. मास्टर विनायक यांची प्रफुल्ल पिक्चर्स तेव्हा कोल्हापुरात होती आणि थोरली लता तिथं काम करून घर चालवत होती. 1943 मध्ये मास्टर विनायक यांच्या 'माझं बाळ' या चित्रपटात दत्ता डावजेकरांच्या संगीतात छोट्या आशानं पहिल्यांदा गायलं. वय दहाच्या आसपास. मग मुंबई, 1948 मध्ये 'चुनरिया'तून हिंदीत प्रवेश, सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न, पुढं ते लग्न मोडणं, आणि मुलांना घेऊन पुन्हा उभं राहणं.

त्या काळात त्यांच्या वाट्याला काय आलं? मोठ्या गायिकांकडून उरलेली गाणी. छोट्या बॅनरचे चित्रपट, खलनायिकेची गाणी, क्लबात नाचणाऱ्या बाईची गाणी. म्हणजे ज्याला आपण हिंदी सिनेमातला जॅझ आणि पॉप म्हणू, ते सगळं आधी कमी प्रतिष्ठेचं म्हणून त्यांच्याकडं आलं. या गाण्यांमागं मुंबईतले गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. हॉटेलांत रात्री जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत नोटेशन वाचून सिनेमाचं संगीत वाजवायचे. चिक चॉकलेटची ट्रम्पेट होती, सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर होते. ओ. पी. नय्यर यांच्या 'सी. आय. डी.' (1956) आणि 'नया दौर' (1957) मधून आशाताईंचा आवाज लोकांनी पहिल्यांदा वेगळा म्हणून ओळखला.

मग 1966. आर. डी. बर्मन यांचा 'तीसरी मंझिल'. त्यातल्या एका पाश्चात्य ढंगाच्या गाण्यात श्वास तोडून तोडून गायचं होतं. आशाताईंना वाटलं, हे आपल्याला जमणार नाही. त्यांनी दिवसच्या दिवस सराव केला. गाडीतून जातानाही ते श्वास घेणं चालू होतं. तेव्हा ड्रायव्हरला वाटलं बाईंना धाप लागलीय, त्यानं विचारलं की दवाखान्यात नेऊ का! हा किस्सा खूप जणांनी ऐकला असेल. लोक त्यावर हसतात. शिक्षिका म्हणून मला त्यातलं दुसरंच दिसतं. तेव्हा त्या बत्तीस-तेहतीस वर्षांच्या होत्या. बावीस-तेवीस वर्षं गात होत्या. नाव झालं होतं. तरी नवा धडा आल्यावर पहिलीतल्या मुलासारखी पाटी कोरी करून बसल्या.

पण माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला ज्या ठिकाणी सापडलं, ते ठिकाण जॅझ नाही. ती उर्दू आहे.

आधी थोरल्या बहिणीची गोष्ट सांगते, कारण ती या घराला लागू आहे. लताबाईंनी ती मुलाखतींत अनेकदा सांगितली आहे. 1947च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांची दिलीपकुमार यांच्याशी ओळख करून दिली. ही मराठी मुलगी आहे, चांगली गाते, असं सांगितलं. दिलीपसाहेबांचं म्हणणं असं पडलं, की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. पण त्या रुसून बसल्या नाहीत. त्यांनी एका मौलानांकडे उर्दू शिकायला सुरुवात केली. शीन-काफ दुरुस्त करून घेतलं. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

या गोष्टीत एक गंमत आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. दिलीपकुमार म्हणजे पेशावरचे यूसुफ खान. घरची बोली हिंदको. लहानपणी काही वर्षं नाशिकजवळ देवळालीत शाळेत होते. ज्या उर्दूचा दाखला आपण त्यांच्या नावानं देतो, ती उर्दूही आईच्या कुशीत आयती मिळालेली नव्हती.

आता आशाताईंकडं येऊ. 1981 चा 'उमराव जान'. मिर्झा हादी रुसवा यांची 1899 ची कादंबरी, मुझफ्फर अली यांचं दिग्दर्शन, शहरयार यांच्या गझला, खय्याम यांचं संगीत. तोवर आशाताईंची ओळख होती ती चटकदार, चढ्या, खट्याळ गाण्यांची. खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या सुरात गायला लावलं. त्या बिचकल्या. पण गायल्या. आणि ध्वनिमुद्रण ऐकल्यावर हा आपलाच आवाज का, म्हणून स्वतःच चकित झाल्या. वय सत्तेचाळीसच्या आसपास. या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सारा हिंदुस्थान म्हणाला, अस्सल लखनौ!

ते 'अस्सल लखनौ' कुणी उभं केलं, ते जरा मोजून पाहा. मुझफ्फर अली अवधचे, हे खरं. पण संगीतकार खय्याम पंजाबचे. शहरयार अलीगढ विद्यापीठात उर्दू शिकवणारे. पडद्यावरची उमराव म्हणजे मद्रासमध्ये जन्मलेल्या रेखा. आणि तिचा आवाज सांगलीचा. त्या गझलांचा एकेक शब्द मी वर्गात ऐकवला आहे. काफ घशातून, ख़े खरवडून, ग़ैन नीट, ज़े स्वच्छ. लखनौच्या कोणत्याही जुन्या घरात कुणी बोट ठेवू नये असं. आणि त्यात डाळभाताचा वास शोधूनही सापडत नाही.

एक गोष्ट मराठीच्या शिक्षिकेनं सांगायलाच हवी. मराठी तोंडाला उर्दूचा 'ज़' अगदी परका नाही. 'जय' मधला ज आणि 'जाड' मधला ज आपण वेगळे उच्चारतो. 'चार' आणि 'चाक' यातले च वेगळे. म्हणजे मराठी मूल अर्धा रस्ता आधीच चाललेलं असतं. उलट बाजूला आमची उर्दू माध्यमाची मुलं 'ळ' आणि 'ण' वर अडखळतात. उर्दू लिपीत या दोन्हींसाठी अक्षरच नाही. मग 'बाळ'चं 'बाल' होतं, 'कमळ'चं 'कमल' होतं, 'पाणी'चं 'पानी'. यात धर्म कुठंही नाही. जीभ आहे, कान आहे आणि सवय आहे. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचून घेतलं की सहा महिन्यांत 'ळ' जागेवर येतो. मी हे वीस वर्षं करतेय.

म्हणून मला वाटतं, त्या लोकलमधल्या टीकेत आणि आमच्या परीक्षकांच्या कौतुकात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिलीपकुमारांचं बोलणं टोचणारं होतं, पण त्यात एक चूक दाखवलेली होती. चूक दाखवली की दुरुस्त करता येते. 'मुस्लिम असूनही' हे गोड होतं, पण त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या मुलीनं काय करायचं? 'ळ' सुधारता येतो, नाव कसं सुधारणार? टीका शिकवते. 'असूनही'वालं कौतुक फक्त आठवण करून देतं की तू पाहुणी आहेस.

आणि आशाताईंना कुणी कधी म्हणालं का, 'मराठी असूनही काय उर्दू!'? कदाचित कुणी म्हणालंही असेल. पण त्यांच्यासाठी ती दाद होती. त्यांचं या देशातलं, या राज्यातलं असणं त्या उच्चारावर टांगलेलं नव्हतं. उर्दू शिकणं हा त्यांच्यासाठी दागिना होता. आमच्या मुलीसाठी मराठी बोलणं ही हजेरी आहे. रोज द्यायची, रोज तपासली जाणारी. हा फरक मी नाकारत नाही. तो नाकारून 'मेहनत करा, सगळं मिळेल' असं मुलांना सांगणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे.

पण इथंच थांबलं तर आपली बाजू झाकली जाते. आपणही हेच करतो. आपल्यातल्याच किती जणांना कोल्हापुरी मुसलमानाच्या बोलीची लाज वाटते! 'नक्को', 'मेरेकू', 'कायकू' ऐकलं की उत्तरेकडचे पाहुणे हसतात, आणि त्यांच्याबरोबर आपणही हसतो. बीएडला असताना एका कार्यक्रमात मी उर्दूत बोलले, तर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, "बेटी, आपकी उर्दू में मराठी बहुत है." तेव्हा मी शरमले. आज त्यांना सांगेन, हो जनाब, आहे. जशी मराठीत उर्दू-फारसी आहे. अर्ज, कागद, दुकान, वकील, जमीन. काढून दाखवा. जमत असेल तर त्याशिवाय तहसील कचेरीत एक काम करून दाखवा. 'तहसील' आणि 'कचेरी' हे दोन शब्दही वापरायचे नाहीत!

दुसरीकडं, मराठी शाळेत मूल घातलं की 'आता हे उर्दू विसरणार, दीन विसरणार' असं म्हणणारे आपल्यातच आहेत. भाषेला धर्माचा दाखला करणारे दोन्हीकडं आहेत. एक म्हणतो मराठी तुमची नाही, दुसरा म्हणतो उर्दूशिवाय तुम्ही आमचे नाही. मधल्या मधे मूल दोन्ही भाषांत कच्चं राहतं.

आपला इतिहास मात्र वेगळं सांगतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी आपला पहाडी आवाज दिला. 1990 मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण. ही यादी मी 'पाहा, आम्हीही' असं दाखवायला देत नाही. मुलांना ठाऊक असावी म्हणून देते. पुरावा मागणाऱ्याला पुरावा देत बसण्यापेक्षा मुलांना वारसा देणं मला जास्त गरजेचं वाटतं. 1906 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करण्यात पुढाकार घेतला, तेव्हा त्यांनी आधी उच्चाराची परीक्षा घेतली नव्हती. आधी वसतिगृह दिलं.

आशाताईंच्या बाबतीत मराठी आणि उर्दूचं येणंजाणं फक्त एका दिशेचं नव्हतं, हेही सांगायला हवं. गझल हा मूळचा अरबी-फारसीतून उर्दूत आलेला प्रकार सुरेश भट यांनी मराठीत रुजवला. भटांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या आणि आशाताईंनी त्या गायल्या. पुढं 1983 मध्ये त्यांनी पाकिस्तानच्या गुलाम अलींबरोबर 'मेराज-ए-गझल' केलं. म्हणजे एकाच गळ्यातून मराठी गझलही गेली आणि उर्दू गझलही. दोन्हीकडं परकं काही वाटलं नाही, कारण दोन्हीकडं रियाज होता.

आणि तो रियाज थांबला नाही. साठी ओलांडल्यावर त्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासमोर शिष्येसारख्या बसल्या. खाँसाहेबांनी त्यांना आपल्या घराण्यातल्या जुन्या बंदिशी शिकवल्या, त्यातून 'लेगसी' हा अल्बम झाला आणि ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेला. 2005 मध्ये, सत्तरीनंतर, अमेरिकेतल्या क्रोनॉस क्वार्टेट या व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो वाजवणाऱ्या चौकडीबरोबर त्यांनी आर. डी. बर्मन यांची गाणी नव्यानं गायली. 2013 मध्ये, ऐंशीला टेकताना, 'माई' या चित्रपटात अभिनय केला. जगभर असे थोडेच सापडतात. अमेरिकेचे टोनी बेनेट जॅझची जुनी गाणी नव्वदी ओलांडेपर्यंत गात राहिले आणि साठ वर्षांनी लहान लेडी गागाबरोबर अल्बम करत राहिले. लोक अशा कारकिर्दींना आवाजाची देणगी म्हणतात. मला ती शिकण्याची तयारी वाटते. देणगी वीस वर्षं पुरते. त्यापुढं पाटी कोरी करावी लागते.

यात मी आशाताईंना देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांनी हे सगळं कोण्या उदात्त हेतूनं सुरू केलं नव्हतं. घरात मुलं होती, पैसे हवे होते, मिळेल ते गाणं घ्यायचं होतं. पण मिळेल ते गाणं त्यांनी कसंतरी गाऊन टाकलं नाही. कुणी टाकलेलं गाणंही त्यांनी स्वतःचं करून घेतलं. आमच्या मुलांच्या वाट्यालाही बऱ्याचदा उरलेलंच येतं. उरलेली शाळा, उरलेला तास, उरलेला बाक. त्यामुळं मला ही कारकीर्द ग्रॅमी आणि गिनीजच्या नोंदीसाठी नाही, या कारणासाठी वर्गात सांगावीशी वाटते.

मला तीन साध्या गोष्टी म्हणायच्या आहेत. स्पर्धांच्या परीक्षकांना: भाषणाला गुण द्या, नावाला नको. 'ळ' चुकला तर गुण कापा, आम्ही सुधारू. पण 'असूनही' हा शब्द माइकवर आणू नका. पालकांना: घरात उर्दू आणि मराठी दोन्ही मोठ्यानं वाचून घ्या. एक भाषा आली म्हणून दुसरी जात नाही, हे सांगलीच्या एका बाईनं सिद्ध केलंय. आणि माझ्यासारख्या शिक्षकांना: पुढच्या वेळी त्या टाळ्यांत आपण टाळी वाजवायची नाही. उठून, नम्रपणे, एक वाक्य बोलायचं.

मी त्या दिवशी बोलले नाही. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावलं आणि परीक्षकांचा गुणतक्ता दाखवला. आशयाला किती, उच्चाराला किती, सादरीकरणाला किती. उच्चारात तिचे दोन गुण गेले होते. मी म्हटलं, "बघ, नंबर बोलण्यामुळं आला. नावाला इथं रकाना नाही. आणि हे दोन गुण तुझ्या 'ण' मुळं गेले, 'पाणी'ला तू दोनदा 'पानी' म्हणालीस." तिनं तक्ता निरखून पाहिला. मग पहिल्यांदाच हसली.

"तो पानी पहले ठीक करते, टीचर," ती म्हणाली. आणि लगेच सुधारून, हळू, जीभ टाळ्याला नीट लावत, "पाणी."